फक्त ४१ तास चाललेला जनरेटर

आमचा टॉय हॉलर घेतला तेव्हा विकणाऱ्या माणसाने आतल्या पॅनेलवरच्या तासांच्या मीटरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, दहा वर्षांत जनरेटर फक्त ४१ तास चाललाय, नवाच समजा. मला ते लगेच पटलं. जुनी गाडी घेताना आपण किती पळालीय ते बघतो आणि आकडा कमी दिसला की खूश होतो, तोच हिशोब मी जनरेटरला लावला. आता कुणी ओळखीचं टॉय हॉलर घ्यायला निघालं आणि मला फोन केला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, दहा वर्षांचा जनरेटर आणि मीटरवर ४१ तास असं दिसलं तर आनंद करू नका, एसी लावून अर्धा तास चालवून दाखवायला सांगा आणि तो अर्धा तास स्वतः शेजारी उभे राहा.

ज्यांना टॉय हॉलर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रकच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर, पुढे किचन, बेड, बाथरूम, आणि मागच्या अर्ध्या भागात गॅरेज. मागची अख्खी भिंत खाली पडते आणि तिचा रॅम्प होतो, त्यावरून डर्ट बाइक किंवा साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी सीट असलेली, वाळूत चालवायची चार चाकांची उघडी गाडी) आत चढवायची. आम्ही अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळ चँडलरला राहतो, मुलांना वाळूत गाड्या चालवायचा नाद लागला तो शाळेतल्या मित्रांमुळे, आणि नंतर आम्हा दोघांनाही लागला. युमा सोडून कोलोरॅडो नदी ओलांडली की कॅलिफोर्निया सुरू होतं, थोडं पुढे गेलं की आय-८ हायवेच्या दोन्ही बाजूंना वाळूचे डोंगर उभे राहतात, तोच इम्पीरियल सँड ड्यून्सचा दक्षिणेकडचा भाग. तिथे बटरकप म्हणून कॅम्पिंगची जागा आहे, आम्ही बहुतेक वेळा तिथेच जातो. (तिथेच जवळ १९१५-१६ च्या काळातल्या लाकडी रस्त्याचे तुकडे अजून बघायला मिळतात, मोटारी वाळूत रुतू नयेत म्हणून तेव्हा फळ्या जोडून रस्ता केला होता. गेलात तर मुलांना नक्की दाखवा.) ऑक्टोबर ते १५ एप्रिल या सीझनमध्ये परमिट काढावं लागतं, प्रत्येक गाडीला आठ फूट उंचीवर झेंडा लागतो म्हणजे टेकडीच्या पलीकडून येणारा दिसतो. वीज नाही, नळ नाही. जे काय लागेल ते सगळं आपल्यासोबत न्यायचं, म्हणून जनरेटर.

तर पहिली ट्रिप नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची. ट्रेलर ऑगस्टमध्ये घेतलेला, तीन महिने स्टोरेज यार्डात उन्हात उभा. घेताना जनरेटर पाच मिनिटं चालवून बघितला होता, आवाज ऐकला, लाइट लागले, झालं समाधान. बटरकपला पोचलो, संध्याकाळी बटण दाबलं, चालू झाला, पण आवाज एकसारखा नाही, चढतोय उतरतोय, चढतोय उतरतोय, जसं कुणी ॲक्सिलरेटरशी खेळतंय. बायकोने मायक्रोवेव्ह लावला आणि त्याने दोन गचके खाऊन जीव सोडला. परत चालू केला, परत बंद. मग बटणावरचा लाइट मिणमिणायला लागला. आमचा जनरेटर ओनान कंपनीचा, ट्रेलरमध्येच बसवलेला, आणि त्यात हा लाइट बोलतो, तीन वेळा लुकलुकला की आणखी माहिती आत आहे असं समजायचं, मग स्टॉपचं बटण तीनदा दाबायचं आणि पुढचा आकडा मोजायचा. मी टॉर्च घेऊन वाळूत बसलो, तीन लुकलुक, थांबला, सहा लुकलुक. छत्तीस. मॅन्युअलमध्ये ३६ म्हणजे कुणी बंद न करता इंजिन आपलं आपण बंद पडलं, आणि याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे इंजिनाला पेट्रोल नीट पोचत नाही. (इथे लोक पेट्रोलला गॅस म्हणतात पण मी पेट्रोलच लिहिणार, कारण ट्रेलरमध्ये स्वयंपाकाचा प्रोपेन गॅसही असतो आणि दोन्हीचा घोटाळा झाला तर महागात पडेल.)

जनरेटर नसला तर काय, एक रात्र अंधारात काढू असं मला वाटलं होतं. पण वाळवंटात नोव्हेंबरची रात्र गार असते, आणि ट्रेलरचा हीटर प्रोपेनवर जळत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. रात्री दोनच्या सुमाराला पंख्याचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मुलं कुडकुडत उठली, आम्ही चौघं एका बेडवर सगळी पांघरुणं घेऊन पडलो. आणि सकाळी लक्षात आलं की जनरेटरचा स्टार्टरसुद्धा त्याच बॅटरीवर चालतो, म्हणजे बॅटरी गेली की जनरेटर चालू होत नाही आणि जनरेटर नाही म्हणून बॅटरी चार्ज होत नाही. शेजारच्या कॅम्पवाल्या आजोबांनी न मागता त्यांचा लहान होंडा जनरेटर आणून दिला, दोन दिवस त्याच्यावर काढले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, आणि तेव्हापासून कुणाचा जनरेटर बंद दिसला की मीही जाऊन विचारतो.

दुसऱ्या दिवशी रात्री आण्णांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सांगलीकडे गावात सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी म्हटलं आण्णा, ४१ तासच चाललेला आहे हो, तरी बिघडला. ते म्हणाले, "आरं, चालवून झिजत न्हाई तेवढं इंजिन पडून कुजतंय. आपलं विहिरीवरचं ईसरलास व्हय?" आणि मला चटकन आठवलं. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. विजेची मोटर बसली तरी आण्णांनी ते विकलं नाही, शेडमध्ये ठेवलं, कारण लाइटीचा भरवसा नव्हता. आणि दर अमावस्येला, नारळ फोडून झाला की, हँडल मारून ते चालू करायचे, नुसतं धडधडत ठेवायचे नाहीत, पाइप जोडून पाणी ओढायला लावायचे. मी लहानपणी विचारलं होतं की पाणी नको असताना कशाला, तर म्हणाले होते, नुसतं फिरवून काय उपयोग, त्याला काम पायजे.

घरी आल्यावर मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात हेच लिहिलेलं. महिन्यातून एकदा, निदान दोन तास, निदान अर्ध्या लोडवर चालवा. आण्णांनी हे कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलं नव्हतं.

मग एका शनिवारी ड्राइव्ह-वेवर कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, काढला. खालची वाटी सोडवली तर आत पेट्रोल नव्हतंच, तळाला मधासारखा चिकट पिवळट थर, आणि वास पेट्रोलचा नाही, जुन्या व्हार्निशच्या डब्याचा. मधला जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, मधोमध सुईच्या टोकाइतकं भोक. तो मी उन्हाकडे धरला आणि आरपार बघितलं, काहीच दिसेना, भोक पूर्ण बुजलेलं. क्लीनर मारून, रात्रभर भिजवून, बारीक तारेने हलकेच साफ केलं (जोर लावायचा नाही, भोक मोठं झालं की मिश्रण बिघडतं), दुसऱ्या दिवशी परत उन्हाकडे धरला तर प्रकाशाचा बारीक ठिपका दिसला. माझी मुलगी शेजारी उभी होती, तिला पण दाखवला. त्या एवढ्याशा भोकातून पेट्रोल गेलं नाही म्हणून आमची रात्र तशी गेली.

कारण साधं आहे. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पडून राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं, मागे चिकट राळ उरते. फिनिक्सच्या उन्हाळ्यात, ४५ डिग्रीत बंद यार्डात उभ्या ट्रेलरमध्ये, हे काम भराभर होतं. म्हणून आता माझा नियम, ट्रेलर महिनाभरापेक्षा जास्त उभा राहणार असेल तर टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध) टाकायचा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं जनरेटर चालवायचा, म्हणजे औषध मिसळलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून ठेवलं तर वाटीत जुनंच बसून राहतं, ही चूक खूप जण करतात. बराच काळ बंद असलेला जनरेटर चालू करताना आधी स्टॉपचं बटण दाबून धरायचं, पंप पेट्रोल पुढे ढकलतो, मग स्टार्ट द्यायचा, उगाच स्टार्टर दमवायचा नाही.

बाकी निगा फार अवघड नाही. ऑइल दर १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते, आणि आमच्यासारख्यांचं वर्षच आधी येतं. ट्रिपवर असताना दिवसातून एकदा ऑइलची पातळी दाखवणारी काडी बघायची, ट्रेलर सपाट उभा असताना, तिरका असला की काडी खोटं सांगते. एअर फिल्टर मॅन्युअलच्या तासांवर सोडू नका, ड्यून्समधून आलं की काढून बघा, पिठासारखी बारीक वाळू असते तिथली. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्यायचा मग एसी लावायचा, बंद करताना उलट, आधी एसी बंद, दोन मिनिटं थंड होऊ द्यायचा, मग बटण. आणि एक वही ठेवा. आमच्याकडे वही मुलीकडे आहे, तारीख, मीटरचा आकडा, काय केलं, एवढंच.

आता किती मोठा जनरेटर हवा, तर आधी तुम्ही एका वेळी काय काय चालवणार ते लिहून काढा. आमचा ४००० वॅटचा आहे, म्हणजे १२० व्होल्टला साधारण ३३ अँपिअर. एक १५,००० बीटीयूचा एसी चालताना १३ ते १५ अँपिअर खातो पण चालू होतानाच्या क्षणाला त्याच्या कितीतरी पट मागतो, मायक्रोवेव्ह साधारण १२-१३, बॅटरी चार्जर वेगळा. एक एसी असेल तर ४००० पुरतो, फक्त एसी चालू होताना मायक्रोवेव्ह लावू नका. दोन एसी असतील तर ५५०० च घ्या, काटकसर करू नका. आणि उंचीचा हिशोब कुणी सांगत नाही तो मी सांगतो. समुद्रसपाटीपासून जसजसं वर जाल तशी हवा विरळ, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते. उन्हाळ्यात फिनिक्समधून पळून आम्ही फ्लॅगस्टाफकडे जातो, तिथे उंची ७,००० फुटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाव ताकद गेली, ४००० चा जनरेटर तिथे ३००० चा होतो. पहिल्यांदा तिथे एसी लावताना तो धापा टाकायला लागला आणि मला वाटलं परत कार्ब्युरेटर गेला. कार्ब्युरेटरवर उंची सेट करायचा छोटा खटका असतो तो फिरवायचा, आणि परत खाली आलं की आठवणीने मागे घ्यायचा. एसीला सॉफ्ट स्टार्ट नावाचं यंत्र बसवलं की सुरुवातीचा झटका खूप कमी होतो, आम्ही बसवलं, पैसे सार्थकी लागले.

लोक विचारतात की बसवलेला ओनान कशाला, दोन होंडा २२०० जोडून का नको. आवाज कमी, पेट्रोल कमी, बिघडला तर हातात उचलून दुकानात नेता येतो, हे सगळं खरं. छोटा ट्रेलर असेल आणि एसी फारसा लागत नसेल तर मी तेच सुचवेन. पण आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्यात थांबून जेवताना आतून बटण दाबलं की एसी सुरू, दर तीन-चार तासांनी कॅनमधून पेट्रोल ओतायची कटकट नाही, आणि कुणी उचलून नेण्याची भीती नाही, म्हणून आमचं मत बसवलेल्याकडे.

एक गोष्ट मात्र दोन्हीला सारखी, आणि ती मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं, मळमळतं, प्रवासाने दमलो असं वाटतं, आणि झोपेत असलो तर कळतच नाही. आपला धूर आपल्याला लागेलच असं नाही, गर्दीच्या वीकेंडला ट्रेलर एवढे जवळ लागतात की शेजाऱ्याचा पाइप नेमका आपल्या मुलांच्या खिडकीकडे तोंड करून असतो. एक्झॉस्टपुढे वाळूचा ढीग नको, त्या बाजूला बंद तंबू नको, त्या बाजूच्या खिडक्या बंद. धूर छतापर्यंत नेणारा उभा पाइप मिळतो तो घ्या. आतला अलार्म दर ट्रिपला बटण दाबून तपासा आणि काढून त्याच्या पाठीवरची तारीख बघा, ही यंत्रं साधारण पाच-सात वर्षांत संपतात, जुन्या ट्रेलरमध्ये मूळचाच लटकत असतो. आमच्याकडे झोपताना जनरेटर बंद, कितीही उकडत असलं तरी. बॅटऱ्या चांगल्या ठेवल्या की रात्रभर हीटरचा पंखा आरामात चालतो.

जनरेटरवरच इतकं लिहिलं, पण ट्रेलर निवडताना मी त्याहून मोठी चूक थोडक्यात टाळली, ती वजनाची. ब्रोशरमधलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. आपण रिकामा ट्रेलर कधीच ओढत नाही. दाराजवळ एक स्टिकर असतो, त्यावर या ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती सामान भरायचं ते लिहिलेलं असतं, बाकी सगळं सोडून आधी तो वाचा. आमच्यावर ३,४०० पाउंड होतं. ऐकायला केवढं मोठं वाटतं. आता भरा बघू. चार सीटची साइड-बाय-साइड १,७०० च्या आसपास, मुलांच्या दोन बाइक मिळून ३००, पाण्याची टाकी १०० गॅलन, एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पाउंड, झाले ८३४, पेट्रोल ४० गॅलन म्हणजे साधारण २४०. बेरीज ३,०७४. उरले ३२६, त्यात चौघांचे कपडे, भांडी, खुर्च्या, हत्यारं, शेकोटीची लाकडं, बर्फाचा कूलर, चार दिवसांचा शिधा. म्हणून पाणी आम्ही घरून भरून नेत नाही, युमात भरतो, निदान पावणेदोनशे मैल ते ८३४ पाउंड ओढायला नकोत.

मग ट्रक. आमचा फोर्डचा डिझेल एफ-२५०, लोक म्हणाले हा काहीही ओढेल. ओढेल हो, पण पेलेल का हा वेगळा प्रश्न. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती ते लिहिलेलं, आमच्या ट्रकवर २,३०० च्या आसपास. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतो त्या जागेवर, येतं. ११,००० पाउंडाच्या ट्रेलरचे १३ टक्के म्हणजे १,४३०, आम्ही चौघं ६००, हिचचं लोखंड १००, झाले २,१३०. उरले १७०. आम्हाला आधी चाळीस फुटी फिफ्थ व्हील (ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडायचा ट्रेलर) आवडला होता, मागे गॅरेजला वेगळी भिंत, मुलांना वेगळी खोली, बायको आत शिरली आणि बाहेरच यायला तयार नव्हती. पण त्याचं पुढचं वजनच आमच्या ट्रकच्या स्टिकरच्या कितीतरी वर जात होतं, शोरूमवाला म्हणत होता सगळे असंच ओढतात. आम्ही बाहेर पडलो आणि अठ्ठावीस फुटी घेतला. सगळे ओढतात हे कारण नाही, उतारावर ब्रेक आपल्याला मारायचा असतो.

आणि टॉय हॉलरची खास गंमत अशी की गॅरेज ॲक्सलच्या मागे, म्हणजे जड गाडी मागे चढवली की पुढचं हिचवरचं वजन उलट कमी होतं. ते फार कमी झालं की हायवेवर ट्रेलरची शेपटी डोलायला लागते आणि ते फार भीतिदायक असतं. म्हणून गाडी जितकी पुढे घेता येईल तितकी घ्यायची, चारही बाजूंनी ओढून बांधायची, आणि एकदा पूर्ण भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर वजन करायचं. ट्रकच्या पुढच्या ॲक्सलचं, मागच्याचं आणि ट्रेलरचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं करायचं, दोन्हीतला फरक म्हणजे हिचवरचं वजन. वेट डिस्ट्रिब्युशनचे बार (हिचवरचं वजन बाकीच्या चाकांवर वाटून देणारे लोखंडी दांडे) असतील तर ते काढून. अर्ध्या तासाचं काम आहे, जेवणाच्या वेळी होऊन जातं.

गॅरेजची लांबी पण ब्रोशरवर सोडू नका, टेप घेऊन जा. चार सीटच्या बऱ्याच गाड्या बारा फुटांच्या वर असतात, आणि कंपनी जी लांबी सांगते ती कुठून कुठपर्यंत मोजली हे कळत नाही, कधी किचनचा ओटा मध्ये येतो, कधी चाकावरचा उंचवटा. आमच्यासारखं एकच मोकळं दालन असेल तर मुलं जिथे झोपतात तिथेच दिवसा पेट्रोलच्या गाड्या उभ्या असतात हे लक्षात ठेवा. गाड्यांचे पेट्रोलचे नळ बंद, झरोके उघडे, गाड्या उतरवल्यावर तासभर रॅम्प उघडा. आणि ट्रेलरमधून गाडीत पेट्रोल भरताना फ्रिज प्रोपेनवर चालू ठेवायचा नाही, आत ज्योत जळत असते, हे आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांना माहीत नव्हतं.

टायरचं एकच सांगतो. विकणारा म्हणाला नवे आहेत, नक्षी खरंच नव्यासारखी होती. तिसऱ्या ट्रिपला डेटलँडच्या अलीकडे (तिथला खजुराचा शेक आमच्या मुलांचा ठरलेला) एक टायर फुटला, चिंध्या झाल्या, जाता जाता फेंडर आणि खालची वायर घेऊन गेला. मग टायरवर डीओटी या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, तर टायर सात वर्षांचा निघाला. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, उन्हात उभा राहून आतून कुजतो, पाच-सहा वर्षांत बदलायचाच, नक्षी कितीही चांगली दिसो. हवा टायरच्या बाजूवर लिहिलेली पूर्ण, आमच्या टायरना ८० पीएसआय, सकाळी टायर गार असताना मोजून. उभा असताना चाकांना कव्हर. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांना.

छपराचं काम मी मृगाच्या आधी करतो, गावाकडे पाऊस यायच्या आधी कौलं चाळतात तसं. ॲरिझोनातही मान्सून म्हणतात, १५ जूनपासून धरतात, आधी धुळीची भिंत येते आणि मग धो धो. मे महिन्यात शिडी लावून वर जायचं, छप्पर धुवायचं, प्रत्येक झरोक्याच्या, एसीच्या, पाइपच्या भोवतीचं सीलंट बोटाने दाबून बघायचं, भेग दिसली की डायकॉर कंपनीचं आपोआप पसरणारं सीलंट भरायचं, सिलिकॉन नाही, ते नंतर निघतही नाही आणि त्यावर दुसरं काही चिकटतही नाही. जुना ट्रेलर घ्यायला जाल तेव्हा कपाटांचे वरचे कोपरे अंगठ्याने दाबा, लाकूड मऊ लागलं तर किंमत कितीही कमी असू दे, घेऊ नका.

आता आमच्या फ्रिजवर कालनिर्णय लटकतंय, दरवर्षी कुणी ना कुणी येताना आणतं, आणि मी महिन्याचा पहिला शनिवार वगैरे ठरवून बघितलं पण लक्षात राहत नव्हतं, अमावस्या मात्र राहते. ट्रेलर यार्डातच असतो, ऑफिसनंतर जातो, बॅटरी बघतो, काडी बघतो, जनरेटर चालू करून एसी लावतो आणि आत लॅपटॉप घेऊन दोन तास बसतो. मागच्या अमावस्येला मुलगी सोबत होती, तिने मीटर वाचून वहीत लिहिलं, २९६.४. आण्णांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, आकड्याचं काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "नारळ फोडला न्हवं?"